तारा अजून तिथेच आहे

लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली होती, आणि हे तिला कळलं ते अडखळल्यावर. हातात फोन, फोनवर मुंगीचा निरोप, निरोपात एकच ओळ: मॅडम, तुमचा तारा अजून तिथेच आहे. वाचता वाचता पाय उचलला, बुटाचं टोक कडेला लागलं, ती खगोलशास्त्र विभागाच्या दारातच पुढे झेपावली, भिंतीला हात टेकून सावरली, आणि पहिल्यांदा काय केलं तर खाली वाकून आपल्या बुटाकडे बघितलं. सगळे तेच करतात. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ते म्हणायचे, लिफ्ट चुकीच्या जागी थांबते आणि माणूस आपल्या बुटाकडे बघतो, इतक्या वर्षांत एकानेही आधी लिफ्टकडे बघितलेलं मला आठवत नाही. मागे दार सरकलं, लिफ्ट गेली. आता ती दोन बोटांची चूक दुसऱ्या कुठल्या मजल्यावर, दुसऱ्या कोणाच्या पायाखाली. फोन पडला नव्हता. ओळ तशीच होती. अजून तिथेच आहे. जणू कोणीतरी केव्हाचं फाटकाशी ताटकळतंय आणि शेजारीण खिडकीतून ओरडून सांगतेय.

तारा तिथे नसायला हवा होता. तो मेला होता. तसं तिने सांगितलं होतं, छापलं होतं, खालच्या दालनात त्याचा भिंतभर फोटो होता, आणि विभागात त्याला बाईंचा तारा म्हणत. सात वर्षांपूर्वी लांबच्या एका दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या एका अफाट थव्यात, एक स्फोट दिसला, अतिनवतारा. काही आठवडे तो एकटा ठिपका अख्ख्या थव्याच्या उजेडाशी बरोबरी करत राहिला, आणि तिच्यासारखे जगभरचे लोक एकच प्रश्न घेऊन धावले: हा कोण होता? फुटलेला तारा फुटल्यावर ओळखता येत नाही. तो ओळखायचा फुटण्याआधीच्या फोटोत. आणि फुटण्याआधी त्याचा फोटो मुद्दाम कोण काढणार? अवकाशातल्या दुर्बिणीने कधीतरी, भलतंच काही बघताना, त्या बाजूला नजर टाकलेली असते, आणि दुसऱ्याच्या फोटोत मागून चालत गेलेल्या माणसासारखा तो कोपऱ्यात अडकलेला असतो. तिचं काम असा कोपरा शोधायचं. जुना फोटो खाली, नवा वर. दोन्हीत दिसणारे तेच ते तारे एकमेकांवर बसवायचे, त्यासाठी फोटो किंचित फिरवायचा, ताणायचा, सरकवायचा, आणि मग नव्यातल्या स्फोटाच्या जागी टाचणी टोचावी तशी टोचून बघायचं, जुन्यात टोक कुठे निघालं. टोक नेमकं निघत नाहीच. एक छोटं वर्तुळ निघतं: इथे कुठेतरी. तिच्या वर्तुळात एक तांबडा, फुगलेला, तेजस्वी तारा होता, मरणाला टेकलेला, पुस्तकात काढून दाखवावा तसा. डोळ्यांत भरेल असं दुसरं काही नव्हतं. हाच, ती म्हणाली. सगळे म्हणाले, हाच. उरलं होतं ते इतकंच, की स्फोटाचा उजेड विझला की पुन्हा फोटो काढायचा आणि तो तारा आता खरोखर नाही हे बघायचं. प्रेत ओळखल्यावर एकदा त्याच्या घरी जाऊनही बघून यावं, तसं.

आणि घरी तो होता.

ती खुर्चीत बसली, कोट न काढता. मुंगीने दोन्ही फोटो पाठवले होते, नीट एकमेकांवर बसवून, कारण मुंगी काहीही नीट बसवल्याशिवाय पाठवत नाही; विद्यार्थिनी होती तेव्हापासून, एकेक दाणा उचलून, न बोलता, भिंतीच्या कडेकडेने, म्हणून मुंगी. आता ती दुसऱ्या संस्थेत होती, तिच्या हाताखाली माणसं होती, आणि नव्या, मोठ्या दुर्बिणीचा वेळ तिनेच मागून मिळवला होता. बाईंनी दोनदा मागितला होता, मिळाला नव्हता, आणि मग मागायचं सोडून दिलं होतं. कशाला, असं वाटलं होतं. माहीत असलेल्या गोष्टीसाठी कोण रांगेत उभं राहणार. एक कळ दाबली की जुना फोटो, पुन्हा दाबली की नवा. डोळा मिचकावल्यासारखं. जे बदललं असेल ते उडी मारतं, जे बदललं नसेल ते जागचं हलत नाही. जुना. नवा. जुना. तांबडा तारा जागचा हलत नव्हता. तितकाच तांबडा, तितकाच तेजस्वी, निर्लज्जपणे जिवंत. नवा. जुना. आणि वर्तुळाच्या अगदी कडेला, जुन्यात, जे मुळात बघायचंही कारण नव्हतं, असं काहीतरी मळकट. नव्यात तिथे काळोख. जुन्यात मळकट. नव्यात नाही. कळेवरचं बोट थांबेना. आहे, नाही, आहे, नाही. लहानपणी आईच्या मांडीवर बसून हाताने स्वतःचे डोळे झाकायचे आणि उघडायचे, झाकले की आई नाही, उघडले की आई. तेव्हा हा खेळ होता.

फोन वाजला.

"मॅडम, रागावू नका," मुंगी म्हणाली.

"रागावले तर तू थांबणार आहेस का?"

"नाही."

"मग बोल."

"तुम्ही बघितलंत ना, वर्तुळाच्या कडेला? तो मळकट ठिपका? जुना फोटो पहिल्यांदा शोधून काढला होता तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, हे काय आहे. तुम्ही म्हणालात, गोंगाट आहे, सोड."

"म्हणाले असेन."

"तोच होता, मॅडम. तो गेलाय. तुमचा तारा नुसता शेजारी उभा होता. फार तर साक्षीदार म्हणा." मुंगी तिच्या नेहमीच्या, एकसारख्या, दाणा उचलल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मी लेख आज संध्याकाळी पाठवतेय. पहिल्याच परिच्छेदात आहे की आधीची ओळख चुकली. तुमचं नाव घालू का, एवढंच विचारायचं होतं. घातलं तर तुम्ही स्वतःच मागे घेतल्यासारखं होईल. नाही घातलं तर आम्ही तुम्हाला खोडल्यासारखं. मला पहिलं आवडेल. पण तुमचं तुम्ही ठरवा."

"संध्याकाळी म्हणजे?"

"मी घरी जाईन तेव्हा. म्हणजे संध्याकाळ लांबवता येईल तेवढी लांबवते."

विभागप्रमुखांना कसं कळलं कोण जाणे, पण भिंतींना कान असतात आणि त्यांच्या खोलीला तर चारही भिंती होत्या. त्यांनी तिला दारातूनच हाक मारली, समोर कप सरकवला, तिने तो धरला आणि प्याली नाही. चहावर साय धरत होती. ते म्हणाले, "बाई, घाई काय आहे? सात वर्षं तो तारा मेलेला होता. अजून दोन वर्षं मेलेला राहिला तर कोणाचं काय बिघडतंय?" ती म्हणाली, पण तो मेलेला नाही. ते म्हणाले, "उरलेला उजेड असेल. धूळ तापली असेल. जवळजवळचे चार तारे मिळून एक दिसत असतील. असं लिहा की. तुम्ही लिहिलंत तर लोक थांबतील." ती म्हणाली, रंगही तोच आहे. "रंगाचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले, आणि हे ते माणूस म्हणून म्हणाले, कारण शास्त्रज्ञ म्हणून असलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नसतं. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं, त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "खालचा फोटो बदलावा लागेल," ते म्हणाले. "खिळा तोच चालेल," ती म्हणाली. दोघंही हसले. हसताना तिच्या पोटात काहीतरी लिफ्टसारखं दोन बोटं खाली गेलं आणि तिथेच थांबलं.

चूक झाली, याचं वाईट वाटत नव्हतं. हे ती जिना उतरताना स्वतःला बजावत होती (लिफ्ट नको). चुका होतात. वर्तुळात जे सगळ्यात तेजस्वी, त्याच्यावर बोट ठेवायचं, हा या धंद्यातला रोग आहे, सगळ्यांना असतो; चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी पुन्हा चांगला तांबडालाल, अंगापिंडाने भरलेला. मग हे काय होतं जे स्वस्थ बसू देत नव्हतं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठड्याला घट्ट धरायला लावत होतं? काहीतरी दुसरं, याच मापाचं, याच आकाराचं, कुठेतरी ठेवलेलं होतं, आणि कोणीतरी ते या फोटोवर आणून बसवत होतं. थोडं फिरवून, थोडं ताणून. सात वर्षांपूर्वी. त्याच हिवाळ्यात. तिच्या ताऱ्याचं नाव झालं त्याच महिन्यात आई घर सोडून गेली.

घर सोडून, म्हणजे मेली नाही, भांडली नाही, कोणाबरोबर गेली नाही. दुपारी बॅग घेऊन निघाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. साठी उलटलेली. फोन करायची, अजून करते: बरी आहेस ना, बरी आहे, जेवलीस का, जेवले. आणि कारण सापडलं होतं. कारण लगेच सापडलं होतं. त्याच आठवड्यातलं, स्वच्छ, लख्ख, चारचौघांसमोर झालेलं कारण. शनिवारी जेवणाच्या टेबलावर, दादा आणि त्याची बायको आलेले, ती स्वतः दोन रात्री झोपलेली नाही, दुसऱ्या दिवशी तिला तिचा तारा जगाला सांगायचा होता, आणि आईने तिचे कागद टेबलावरून उचलून खुर्चीवर ठेवले, बस, इतकंच, आणि तिचा तोल गेला. "तू या घरात असलीस काय आणि नसलीस काय, फरक कोणाला पडतो? कागद तेवढे हलतात." तांबडं, फुगलेलं, तेजस्वी वाक्य. सगळ्यांच्या हातातले चमचे थांबले होते. आईने कागद उचलून परत टेबलावर ठेवले, होते तसे, कोपऱ्याला कोपरा जुळवून. आणि त्याच आठवड्यात ती गेली. दादा म्हणाला, तुझ्या त्या वाक्याने गेली. वहिनी काही म्हणाली नाही, म्हणजे तेच म्हणाली. बाबा खिडकीची कडी दुरुस्त करत होते. आणि ती म्हणाली, हो. माझ्या वाक्याने.

ते वाक्य तिने सात वर्षं सांभाळलं होतं. दात दुखत असला की जीभ जशी सारखी तिथेच जाते. बसमध्ये, सभेत, दात घासताना. आईच्या खोलीवर ती एकदाही गेली नाही. कोणत्या तोंडाने जाणार? आणि खरं सांगायचं तर (इथे ती जिन्यात थांबली, कारण हे खरं चालता चालता सांगण्यासारखं नव्हतं) त्या दुखण्यात एक ऊबही होती. आई गेली ती माझ्यामुळे. दादामुळे नाही, बाबांमुळे नाही. एवढ्या शांत, एवढ्या कडेकडेने वावरणाऱ्या बाईला हलवण्याइतकं वजन घरात माझ्याच शब्दाला होतं. आता मुंगी म्हणते, नुसता शेजारी उभा होता. छे. ताऱ्याचं माणसाला लावायचं नाही, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची. तारा तारा असतो. आई आई असते. जुना फोटो. नवा फोटो. पण मग वर्तुळाच्या कडेला काय होतं? वाक्याच्या आधी घरात काय होतं? तिला आठवेना. आईचा त्या हिवाळ्यातला चेहरा तिला आठवेना. घरात एक फोटो आहे, दादाने काढलेला, टेबलाचा: मध्ये ती, तोंड उघडं, काहीतरी ठासून सांगतेय, आणि कडेला आईचं कोपर. तिने तो फोटो कितीदा बघितला होता, कोपरात काही दिसतं का म्हणून. कोपरात काय दिसणार. गोंगाट.

ती सरळ घरी आली. भर दुपारी. दार उघडलं आणि आत शिरताच वास आला, ओला, तिखट, नाकाच्या मुळाशी बसणारा. खुंटीवर बाबांचा कोट होता. आज गुरुवार. दर गुरुवारी बाबा आईकडे जाऊन येतात, तिच्या कामाच्या जागी. आई सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर किल्ल्या देण्याचं काम करते, आणि बाबा परत आले की त्यांच्या कोटाला तलावाच्या औषधाचा, क्लोरिनचा वास असतो. नेहमीच असतो. आज तिने कोटाला नाक लावलं. आणि उभ्या उभ्या, एक बाही हातात धरून, तिला तोच वास दुसऱ्या जागी आला: याच दारात, पण खाली, फरशीजवळ, त्या हिवाळ्याच्याही आधीच्या पावसाळ्यात, ती बाहेरून येते, ओल्या छत्रीसकट, वैतागलेली, आणि म्हणते, "आई, फरशीला काय टाकतेस हे? डोकं चढतं." आणि आई आतून म्हणते, "बदलते उद्यापासून." आईचे केस. आईचे केस दुपारी ओले असायचे, टोकांना, मानेपाशी, आणि आई सकाळी नहायची. हे तिने बघितलं होतं. बघितलं होतं आणि सोड म्हणून सोडलं होतं. पावसाळा. वाक्य हिवाळ्यातलं. वास पावसाळ्यातला.

बाबा टेबलाशी दिवा उघडून बसले होते. तोंडात स्क्रू.

"इतक्या लवकर? हाकललं वाटतं."

"अजून नाही. बाबा, आई का गेली?"

बाबांनी स्क्रू तोंडातून काढून बशीत ठेवला. आवाज झाला.

"आज हे कुठून उगवलं?"

"सांगा ना."

"तुमचं ठरलंय की ते. तू आणि दादाने तेव्हाच ठरवलं. पंचनामा झाला, निकाल लागला."

"तुम्हाला माहीत होतं, ते तसं नाही?"

"मला कोणी विचारलं होतं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. कारण सापडलेलं असलं की माणूस विचारत नाही. ती खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. "तुम्ही दर गुरुवारी जाता. तिथे करता तरी काय?"

"काय करायचंय? किल्ल्यांच्या फळीचा आकडा निघतो, तो बसवतो. चहा पितो. तिचं काम चालू असतं. येतो."

"आणि तुम्हाला राग नाही आला कधी? ती गेली त्याचा?"

बाबांनी दिव्याची वायर उजेडात धरून बघितली. "आला की. पहिलं वर्षभर मी बुटाकडेच बघत होतो," ते म्हणाले. आणि मग, वायरीकडे बघतच, "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला काय उलटतपासणी घेतेस? बस पकड आणि जा. चारपर्यंत असते ती."

बसमध्ये ती दारापाशी उभी राहिली, जागा रिकाम्या असताना. आपण काय विचारणार आहोत? मी नाही ना गं कारण? सात वर्षांनी जाऊन हे विचारायचं? निर्दोष आहे असा दाखला मागायचा? आणि आईने दिला तर? दिला तर मग काय उरतं हातात? एक जिवंत तांबडा तारा, कोणत्याच मरणाशी संबंध नसलेला. फोनवर मुंगीचा दुसरा निरोप होता: संध्याकाळ लांबवतेय. बाहेर दुकानं मागे पडत होती, एकेक पाटी तिला वाचता यायच्या आत. एका थांब्यावर ती उतरली, चुकीच्या, आणि पुढचं अंतर चालत गेली, भरभर, मग अगदी हळू.

आत वाफ होती. आवाज सगळे गोल होऊन येत होते, छताला लागून. पांढऱ्या फरशा, हिरवट उजेड, आणि डावीकडे एक खिडकी, खिडकीमागे फळी, फळीवर आकडे, आकड्यांना रबरी कड्यांतल्या किल्ल्या. खिडकीमागे एक म्हातारी, केस अगदी बारीक कापलेले, पांढरे. एका जाड्या माणसाला ती सांगत होती, "किल्ली मनगटात घालायची असते हो, दातात नाही धरायची. मागच्या आठवड्यात एकाने गिळली असती." माणूस हसत गेला. पुढचे पाय दिसल्यावर म्हातारी मान वर न करता म्हणाली, "बूट बाहेर काढायचे."

मग वर बघितलं.

"तू होय."

"मी."

"तरी बूट बाहेरच."

तिने बूट काढले, हातात धरले. फरशी गार आणि ओली. आईच्या खिडकीसमोर ती हातात बूट घेऊन उभी राहिली, शाळेतून ओल्या पायांनी आल्यासारखी, आणि जे बसमध्ये जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य सापडेना. आईने शेजारचं दार उघडून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं. आतली जागा दोघींना पुरेल इतकीच. आईच्या अंगाला तो वास होता. जवळून तो तिखट नव्हता.

"तू पावसाळ्यापासूनच येत होतीस इथे," ती म्हणाली. "ते फरशीचं औषध नव्हतं."

"सात वर्षं लागली होय नाकाला," आई म्हणाली. एकाने किल्ली परत केली, आईने ती आकड्याला लावली. "पोहायला शिकत होते. घरी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे बोलला असता. तू तर भाषणच दिलं असतंस, माझ्या गुडघ्यांवर."

"आई, मी ते जे बोलले होते. शनिवारी. जेवताना."

"आठवतंय की."

"आठवतं?"

"कागद तेवढे हलतात. लागलं होतं चांगलंच." आईने हे असं म्हटलं, जसं एखादी बाई म्हणते, मागे पाय मुरगळला होता. "पण त्याने कोणी घर सोडतं का? मी रविवारी निघणारच होते. ही जागा मिळाली होती, खोली मिळाली होती, बॅग भरून पलंगाखाली होती. आणि आदल्या दिवशी तू ते बोललीस." आई तिच्याकडे न बघता फळीकडे बघत होती. "म्हटलं, झालं. आता उद्या गेले तर ही पोरगी जन्मभर तेच धरून बसेल. म्हणून थांबले."

"थांबलीस?"

"गुरुवारपर्यंत. चार दिवस. पुरतील असं वाटलं."

तिच्या घशातून एक आवाज आला, हसण्याचा असावा. चार दिवस. आईने तिच्यासाठी दोन गोष्टींच्या मध्ये चार दिवसांचं अंतर ठेवलं होतं, मोजून, हाताने, कागदाचे कोपरे जुळवावेत तसं. आणि तिने, जिचा धंदाच अंतरं मोजायचा, ते अंतर बघितलंच नव्हतं. "आई, लांबून चार दिवस दिसतच नाहीत," ती म्हणाली. "लांबून दोन्ही मिळून एकच ठिपका दिसतो."

"मला काय माहीत, तुम्ही इतक्या लांबून बघता ते," आई म्हणाली.

कोणीतरी खिडकीवर टकटक केलं. आईने किल्ली दिली. पाण्यात कोणी उडी मारली, आवाज छताला जाऊन परत आला. ती बूट मांडीवर धरून बसली होती, मोजे ओले झाले होते, आणि पोटात जे सकाळपासून दोन बोटं खाली अडकलं होतं ते तिथेच होतं, पण आता निदान कुठे आहे ते समजत होतं. सुटल्यासारखं वाटत नव्हतं. काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटत होतं. "मग का गेलीस?" तिने विचारलं, आणि विचारताना लक्षात आलं की हा प्रश्न ती पहिल्यांदाच, उत्तर माहीत नसताना, विचारतेय.

आईने विचार केला. खरोखर केला, वेळ घेऊन.

"रागाने नाही. राग असता तर राहिले असते, भांडायला माणसं घरातच असतात. एक दिवस इथून घरी यायला बसथांब्याकडे निघाले होते, आणि लक्षात आलं की मी बस चुकावी म्हणून हळू चालतेय. रोजच. कधीपासून, ते माझं मलाही सांगता येणार नाही. तुम्हाला कुठून दिसणार?" मग म्हणाली, "तुझ्या बाबांना अजून पुरतं कळलेलं नाही. पण आकडा छान बसवतात."

"आकडा निघतो कसा दर आठवड्याला?"

"मी सैल करून ठेवते," आई म्हणाली.

चार वाजले तसं एक पोरगेलीशी बाई आली, आईच्या जागी बसली. आईने स्वतःसाठी फळीवरून एक किल्ली काढली, मनगटात घातली. "माझी वेळ झाली. तू जा हवं तर. नाहीतर बस तिकडे बाकावर. बघणाऱ्यांना फुकट आहे." आई आत गेली आणि काळ्या पोहण्याच्या कपड्यांत बाहेर आली, बारकी, पायांवर निळ्या शिरा, खांदे मात्र कोणा दुसऱ्याच बाईचे. हे खांदे घरात कधी होते? ती बाकावर बसली, फोन काढला. बोटं ओलसर होती, अक्षरं नीट उमटेनात. मुंगी, नाव घाल. खोडलं. पुन्हा लिहिलं: नाव घाल. सोड असं मी म्हणाले होते, तेही लिही. आणि त्या मळकट ठिपक्याची जेवढी जुनी चित्रं असतील तेवढी मला पाठव, कुठल्याही कोपऱ्यातली, मला तो नीट बघायचाय. पाठवलं. उत्तर लगेच आलं, जणू मुंगी बोट कळेवर ठेवूनच बसली होती: बरं मॅडम. मग दुसरं: थँक्यू. तिने फोन बुटात ठेवला.

आई पाण्यात होती. तिचं पोहणं सुंदर नव्हतं, पाय जरा वाकडे मारत होती, पण थांबत नव्हती. डोकं पाण्याखाली जायचं, नुसतं हिरवं पाणी राहायचं, मग डोकं वर, पांढरं, थोडं पुढे. आहे. नाही. आहे. दर वेळी थोडं पुढे. बाकावर ती पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि डोळे मिटायची तिची हिंमत होत नव्हती, पापणीसुद्धा. नाही. आहे. पलीकडच्या भिंतीपर्यंत आई गेली, तिथे तिने काठ धरला, धापा टाकत वळली. तिकडून बाक नीट दिसत नसावा, मध्ये वाफ होती, आणि आईला लांबचं कमी दिसायचं.

"आहेस का अजून?" आईचा आवाज छताला लागून, गोल होऊन आला.

"आहे," ती म्हणाली. तिकडे पोचलं नसेल असं वाटून उभी राहिली, ओल्या मोज्यांनी काठापर्यंत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "इथेच आहे."